चिंचोक्यांचा छापखाना

गंगापूर रोडच्या मॉलमध्ये चिंच डब्यात मिळते. चिंचोका नाही, शीर नाही, टरफल नाही, असं डब्यावरच लिहिलेलं असतं. मी चष्मा लावून वाचून घेतलं. चौथी पास आहे, डब्यावरचं वाचायला तेवढी पुरते. सून म्हणाली, "आई, बघा किती स्वच्छ." मी म्हटलं, "कुणाची तरी बोटं काळी झाली असतील." ती म्हणाली, "मशीनवर करतात हो." असेल. मशीन बरं. मशीनला पोरं नसतात, त्यामुळे चिंचोके निघाले की सरळ पोत्यात जातात.

आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर चिंचेचं एक झाड अजून उभं आहे. फाल्गुन सरत आला की त्याच्या चिंचा वाळून खुळखुळतात आणि खाली लावलेल्या गाड्यांच्या टपांवर पडतात. गाडीवाले वैतागतात आणि झाड तोडायची भाषा करतात. मला त्या झाडाचं प्रेम वगैरे नाही. चिंचेनं माझी नखं खाल्ली ती खाल्लीच, पुन्हा नीट आली नाहीत. पण दुपारचा वारा सुटून तो आंबट, धुळकट वास खिडकीतून आत आला, की माझी बोटं आपोआप चिमटीसारखी जवळ येतात. समोर चिंच नसते, तरी सोलायला बसतात. बोटांना अक्कल कमी असते.

यंदा चिंचा पडायला लागल्या त्याच आठवड्यात नातवाच्या शाळेचा बाजार भरला. शाळेनं पालकांना इंग्रजी कागद पाठवला होता, तो सुनेनं मला मराठीत सांगितला: मुलांना खेळातून व्यापार आणि पैसा कळावा, म्हणून हा उपक्रम. मला नटवून नेलं. प्रत्येक पोराला शाळेनं छापलेल्या खोट्या नोटा सारख्या वाटल्या होत्या. नातवानं लिंबाचं सरबत मांडलं होतं. लिंबं सुनेनं पिळली, पाट्या मुलानं रंगवल्या आणि सगळं सरबत दोघांच्या मित्रांनी पिऊन संपवलं. शेवटी सगळ्यांना प्रमाणपत्र मिळालं.

घरी आल्यावर मी नातवाला विचारलं, "उधारी मागायला आलं का कुणी?"

"नाही."

"मालात काही मिसळलंस का?"

"आजी!"

"शेजारच्या पोरानं भाव पाडला?"

"नाही गं. टीचरनी भाव ठरवून दिले होते."

"मग शिकलास काय?"

त्यानं प्रमाणपत्र दाखवलं.

आमच्या मंगलला असलं काही कुणी दिलं नव्हतं. दिला तो मार, आणि तोही मीच दिला.

तेव्हा आम्ही नाशिकरोडला रेल्वे लाइनीच्या पलीकडं राहायचो. दोन आळ्या होत्या, वरची आणि खालची, आणि मध्ये दोघींना मिळून एक नळ. आमची खालची. मोठा दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली होती, घरात धान्य दिसायला लागलं होतं, एवढंच. नवरा मालधक्क्यावर हमाल. बोलायला कमी, खायला बरा, बिडी सोडली तर खोड नाही.

चिंचेच्या मोसमात नानाशेठ व्यापाऱ्याचा टेम्पो यायचा. चिंचेची पोती उतरवायची, आळीतल्या बायकांनी ती घरोघर फोडायची. टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, हातोडीनं ठेचून चिंचोका काढायचा. दिवसभर आळीत टक्-टक्, टक्-टक्. बोटांच्या भेगांत आंबट शिरून झोंबायचं, रात्री भाकरी मोडताना डोळ्यांत पाणी यायचं. ते पाणी दुःखाचं नव्हतं, चिंचेचं होतं.

नानाशेठचा नियम एकच. जेवढं वजन त्यानं दिलं तेवढं त्याला परत मिळालं पाहिजे. गर वेगळा, चिंचोके वेगळे, टरफलं-शिरा वेगळ्या. वाळून जी घट येते ती तो सोडायचा, त्याच्यापुढं चिमूटभर नाही. चिंचोकेही त्याचेच. ते कारखान्यात जायचे, दळून कापडाला खळ करायला. माल तो माझ्या नावावर टाकायचा. "बाई, मी तुम्हाला ओळखतो, बाकीच्यांना नाही," असं म्हणायचा. म्हणजे आळीत कुणाचंही कमी भरलं तर नाक माझं जायचं, आणि पुढच्या साली टेम्पो दुसरीकडं वळायचा.

टेम्पो वळणं म्हणजे काय ते सांगते. मजुरी मोसम संपल्यावर एकदम मिळायची, एप्रिलातल्या जयंतीच्या तोंडावर. त्यातून आळीत नवे कपडे यायचे, बायकांना पांढऱ्या साड्या यायच्या. वर्षातून तेवढे एकदाच पैसे नवऱ्याच्या हातातून न येता सरळ आमच्या हातात यायचे. ते हातात घेतल्यावर प्रत्येक बाईची मान थोडी वेगळी व्हायची. मी बघितलंय. माझी स्वतःची कशी व्हायची ते दिसलं नाही, पण नवरा दोन-तीन दिवस चहा करून द्यायचा.

तर त्या साली आमच्या मागच्या पडवीत मंगलनं दुकान टाकलं. मंगल माझी थोरली, तेव्हा तिसरीत. विटेचा भुगा म्हणजे तिखट, पिवळी माती म्हणजे हळद, लिंबाचा पाला म्हणजे मेथी आणि ओल्या मातीचे पेढे. दोन करवंट्या सुतळीनं काडीला बांधून तराजू केला होता. मी सहज उचलून बघितला तर एका करवंटीला बुडाशी चिखल थापलेला.

"हे काय गं?"

"असू दे. दुकानात असतंय तसं."

"कोणत्या दुकानात?"

"सगळ्या," ती म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडं वळली.

दुकान आलं की पैसा लागतो. पैसा म्हणून चिंचोके आले. सगळ्या घरांत त्यांचे ढीग पडलेले, वाटेल त्यानं मूठ भरावी. पहिले काही दिवस तसंच चाललं. मग शेजारच्या यमुनाच्या पक्यानं त्यात लक्ष घातलं.

पक्याचा बाप नोटांच्या छापखान्यात होता. म्हणजे तिथल्या कँटीनमध्ये चहा करायचा. पण पक्या सांगायचा, "माझा बाप रोज नोटांत असतो." चहात असतो म्हणायला पाहिजे होतं. आळीतल्या बाकी पोरांचे बाप मालधक्क्यावर, त्यामुळे पैशातलं पक्याला कळतं हे सगळ्यांनी मान्य केलं. मोठ्या माणसांतही हे असंच ठरतं.

पक्यानं फर्मान काढलं की नुसता चिंचोका म्हणजे पैसा नाही. तो छापला पाहिजे. छापायचा म्हणजे दगडावर घासून त्याचा एक गाल पांढरा करायचा. पांढरा गाल असेल तर पैसा, नसेल तर बी. झालं. पडवीच्या पायरीवर बारकी पोरं ओळीनं बसून चिंचोके घासायला लागली. भर उन्हात खर्र-खर्र, खर्र-खर्र. पुढच्या दारी आम्ही टक्-टक्, मागच्या दारी पोरं खर्र-खर्र. जो दिवसभर घासेल त्याला संध्याकाळी मूठभर मिळायचे. ओंजळभर पक्या स्वतःकडं ठेवायचा. का, विचारलं तर म्हणायचा, "मी साहेब हाय."

छापखान्यातून बाहेर पडताना कामगारांची झडती होते, हे त्याला बापाकडून कळलेलं. म्हणून पडवीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची झडती. मी एकदा सूप आणायला गेले तर हा वीतभर पोरगा आडवा.

"मावशी, हात वर."

"वर केला तर तुझ्याच गालावर येईल तो."

"नियम हाय. आ करा."

"आ कशाला?"

"पोरं गालात चिंचोका धरून नेतात."

मी आ केला. का केला ते मला अजून कळलेलं नाही. त्यानं तोंडात वाकून बघितलं आणि म्हणाला, "एक दाढ किडलीय. जा."

शिमग्यापर्यंत एका चिंचोक्याला एक पेढा मिळायचा. पाडव्याला मूठभर लागायला लागले. मी मंगलला विचारलं, "काय गं, मातीच्या पेढ्याचा भाव वाढवलास? माती का महाग झाली?"

"माती तेवढीच हाय. पण सगळ्यांकडं चिंचोके लय झालेत. मागतील तेवढे देतात. मग मी कशाला कमी घेऊ?"

दुष्काळात आमच्या किराणावाल्यानं भाव वाढवला तेव्हा मी त्याला कारण विचारलं होतं. त्याला काही एवढ्या सरळ शब्दांत सांगता आलं नव्हतं.

एका संध्याकाळी नवरा कामावरून आला आणि कोनाड्यातलं बिड्यांचं बंडल शोधायला लागला. ते मंगलच्या दुकानात मांडलेलं होतं, मेथी आणि हळदीच्या मध्ये.

"दे इकडं."

"आधी पैसे."

"माझंच बंडल हाय ते!"

"मग कोनाड्यात का ठेवलं? तिथं काय पण पडलेलं असतंय."

"बरं, उधार दे."

"बापाला उधार नाय. बाप परत देत नाय."

दिवसभर पोती वाहिलेला माणूस. मला वाटलं आता एक वाजवील. पण तो पायरीवर पोरांच्या ओळीत बसला आणि चिंचोके घासायला लागला. दोन बिड्यांपुरते घासले, पक्याला झडती दिली आणि मग अंगणात बसून ओढल्या. मला म्हणाला, "मालधक्क्यापेक्षा इथला साहेब बरा. शिव्या देत नाय."

हे सगळं मला दिसत होतं आणि मी हसत होते. एवढे चिंचोके तिकडं जातात म्हणजे पोत्यातून जातात, हे माझ्या डोक्यात आलं नाही. हातात काम असलं की समोरचं दिसत नाही.

मग नानाशेठचा निरोप आला की परवा वजनाला येतो. मी घरोघरचा माल गोळा केला. गर ठीक. टरफलं ठीक. चिंचोक्यांचं पोतं उचललं आणि हातालाच कळलं. पोतं पोकळ. वरून बघितलं तर जेवढं भरायला पाहिजे त्याच्या निम्मंही नाही.

यमुना शेजारी उभी होती. ती म्हणाली, "पारूताई, उंदरानं नेले असतील."

"उंदीर दुकान टाकतो का?"

पोरांना बोलावलं. चिंचोके परत द्या म्हटलं. कुणी जागचं हललं नाही. मी मंगलला मारलं, यमुनानं पक्याला मारलं. आता मारत नाहीत म्हणे. तेव्हा मारायचे, आणि उपयोग तेव्हाही व्हायचा नाही. पक्या रडत रडत म्हणाला, "कुणाचे कुठं हायत ते सांगायचं नसतं. बँक हाय ती." घरं उलटीपालटी केली. कौलांच्या खाली थोडे मिळाले, फुटक्या माठात थोडे. बाकीचे कुठं पुरले होते ते पोरांनाच माहीत. माझा शब्द, आळीच्या साड्या, पुढच्या सालचा टेम्पो, सगळं कुठंतरी मातीत पुरलेलं होतं आणि वर पोरं उभी.

दुसऱ्या दिवशी माझ्या कुरडया होत्या. गहू आधीच भिजवून, वाटून, सत्त्व बसलेलं. ते थांबवता येत नाही, नाहीतर आंबून जातं. सकाळी चूल पेटवली, चीक शिजवायला घेतला. दाटसर, पांढरा, वाफाळता चीक, त्याचा तो गोडसर आंबूस वास. दरवर्षी आळीतली पोरं वाट्या घेऊन बसतात, गूळ घालून चीक खातात. तशी तीही आली. रात्रीचे हुंदके विसरून आली. मी पळी भरली, पहिल्या वाटीवर नेली आणि हात तिथंच थांबला.

"पैसे?" मी म्हटलं.

"कसले पैसे?"

"तुमच्याकडं हायत ते. पांढऱ्या गालाचे. ओंजळभर दिले की वाटीभर चीक, वर गूळ."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग उठून पडवीत गेली. आतून कुजबुज आली. थोड्या वेळानं मंगल एकटी बाहेर आली.

"आई, ओंजळ लय होते. मूठभर देतो."

"ओंजळ."

"मग आम्हाला नको. कुणीच घेणार नाय. तुझा चीक गार होईल, गोळा होईल, मग कोण खातंय?"

"मी कुरडया घालीन. मला काय नुकसान नाय. तुझ्याच तोंडाला पाणी सुटलंय."

तिनं पातेल्याकडं बघितलं. तोंडाला पाणी खरंच सुटलं होतं, हनुवटीपर्यंत आलं होतं. वाफ तिच्या तोंडावर जाईल अशी मी पातेल्यावरची ताटली जरा सरकवली. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. आतून एक बारकं पोर रडायला लागलं आणि त्यांचा एकोपा तिथंच मोडला. पहिलं गिऱ्हाईक पक्याच आला, साहेब.

तासाभरात माझी पाटी भरली. कुठून कुठून काढत होते कोण जाणे. चड्डीच्या नाडीतून, चुलीच्या राखेतून, एकानं तर कोंबडीच्या खुराड्यातून आणले. आणि इतक्यात मला गिऱ्हाईक कमी झालेलं दिसलं. मान वर करून बघते तर यमुनाच्या दारात रांग. तिनं उडदाच्या पापडाच्या लाट्या काढल्या होत्या. मूठभर चिंचोक्याला दोन लाट्या.

मी चुलीवरून ओरडले, "यमुने, भाव पाडतेस?"

"माझा माल, माझा भाव!"

"अगं सगळे एकाच पोत्यात जायचेत!"

"मग माझ्या डब्यातून जाऊ दे की! दर वेळी तुझ्याच हातानं कशाला?"

मला राग आला. मी गूळ वाढवला. तिनं लाट्यांना तेल लावलं. मी दोन वाट्यांवर एक कुरडई फुकट दिली. खाल्लेली पोरं पुन्हा पुन्हा खात होती, इकडून तिकडं धावत होती आणि आम्ही दोन बाया पदर खोचून, घामानं भिजून, पोरांच्या नावानं हाका मारत होतो. नानाशेठ, वजन, आळीचं नाव, दोघींच्याही डोक्यातून गेलं होतं. डोक्यात एकच, हिच्यापेक्षा माझी पाटी भरली पाहिजे. रांगेत काही पोरं ओळखीची नव्हती, पण त्यांच्याही ओंजळी भरलेल्या होत्या. मी विचारलं नाही. गिऱ्हाइकाला कुणी तू कुठला विचारतं का?

संध्याकाळी पोतं तुडुंब. मी त्याच्यावर हात ठेवून जरा बसले. कुरडया त्या साली निम्म्याच झाल्या. पोरं पडवीत गोल करून बसली होती, हात रिकामे, तोंडं पडलेली. पक्या काहीतरी बोलत होता. मी म्हटलं, बरी खोड मोडली. रात्री नवरा म्हणाला, "सदऱ्याचं बटण तुटलंय." मी म्हटलं, धुण्याच्या दगडावर तुटलं असेल.

नानाशेठ आला तो आधीच तापलेला. त्याचं पहिलं वजन वरच्या आळीत झालं होतं. तिथला माल गिरजाच्या नावावर असायचा. गिरजा आणि मी नळावर बोलायचो नाही, नुसत्या हंडे आपटायचो. तिच्या आळीत चिंचोके कमी भरले होते, बरेच कमी. शेठनं तिचं पुढच्या सालचं काम बंद केलं होतं आणि ती तशीच बडबडत त्याच्या मागोमाग आमच्या आळीत आली होती.

शेठनं आमचा गर तोलला, टरफलं तोलली. मग चिंचोक्यांचं पोतं काट्याला लावलं. काटा गेला तो गेलाच. शेठनं पोतं उतरवून पुन्हा लावलं. जेवढी चिंच त्यानं दिली होती त्यापेक्षा आम्ही जास्त परत देत होतो.

मला वाटलं खूश होईल. त्याचा चेहरा उतरला.

"बाई, कमी देणारा मला कळतो. जास्त देणाऱ्याची भीती वाटते. पाणी मारलंय का?"

"चिंचोक्याला पाणी कशाला मारू? पेरायचेत का?"

त्यानं पोत्यात हात घातला, मूठ बाहेर काढली. सगळ्या चिंचोक्यांचा एकेक गाल पांढरा. गिरजानं ते बघितलं आणि कमरेवर हात ठेवून सुरू झाली, "हे आमचे! आमचेच हायत! ह्या पारूनं पोरं लावून आमचे चिंचोके पळवले!"

"तुझे असतील तर नाव दाखव त्यांच्यावरचं!"

"शेठ, हिचं तोंड बघा!"

"गप्प बसा दोघी," नानाशेठ म्हणाला. "मला भांडण नको. पुढच्या साली दोन्ही आळ्यांना माल नाही. देवळालीला टाकतो."

 यमुनानं माझ्याकडं बघितलं. मी सांगायला सुरुवात केली, पोरांचं दुकान, पांढरे गाल, चीक, लाट्या. सांगता सांगता मलाच ते खोटं वाटायला लागलं. शेठ म्हणाला, "खेळात पोतंभर चिंचोके? बाई, मला काय लहान समजलात?"

"मग चला आत," मी म्हटलं. "डोळ्यांनी बघा."

पडवीत मंगल दुकान मांडून बसली होती, जसं काही झालंच नाही. नानाशेठ धोतर सावरून पायरीवर टेकला.

"पोरी, हे चिंचोके तुमच्याकडं कुठून आले?"

"काय घेणार?" मंगल म्हणाली.

"मी विचारतोय ते सांग."

"गिऱ्हाईक असाल तर बोला. खोळंबा करू नका."

नानाशेठ आयुष्यभर दुसऱ्यांना हेच सांगत आला असावा. त्याला ते पटलं. त्यानं पोत्याजवळ जाऊन मूठ भरली, परत आला, मोजून चिंचोके तिच्यापुढं ठेवले आणि उरलेले नकळत खिशात टाकले. "एक पेढा दे."

मंगलनं चिंचोक्यांकडं बघितलं. हातसुद्धा लावला नाही.

"हे चालत नाय. बंद झाले."

"कधी?"

"काल संध्याकाळी. आयांनी सगळे नेले, म्हणून पक्यानं बंद केले."

"मग आता काय चालतं?"

मंगलनं पत्र्याच्या डबीचं झाकण उघडलं. आत बटणं. पांढरी, काळी, शाळेच्या शर्टाची, पोलक्यांची हुकं वेगळी पुडीत, सुट्ट्या पैशांसारखी. त्यात नवऱ्याच्या सदऱ्याचं मी लांबूनच ओळखलं. यमुनानं स्वतःच्या पोलक्याकडं हात नेला आणि पदर घट्ट केला. आणि गिरजा एकदम वाकली.

"अगं बाई! हे तर आमच्या दाद्याच्या शर्टाचं! निळ्या दोऱ्यानं मीच लावलं होतं परवा!"

"दाद्या आमचं रोजचं गिऱ्हाईक हाय," मंगल म्हणाली. "वरच्या आळीतली सगळीच येतात. तिकडं पेढे नायत. काल चीक खायला पण आली होती. दाद्यानं चार वाट्या खाल्ल्या."

गिरजानं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. रात्री दाद्याचं पोट का दुखत होतं हे तिला तेव्हा कळलं असणार. रांगेतली ती अनोळखी पोरं मला आठवली. वरच्या आळीचे चिंचोके आमच्या पातेल्यात आले होते, आणि ते मीच पळीनं वाढून घेतले होते.

नानाशेठला व्यापारातलं समजावून सांगावं लागत नाही. त्यानं दोन्ही आळ्यांची पोती एका ठिकाणी आणवली आणि एकदम तोलली. जुळलं. घासून जो भुगा उडाला असेल तेवढीच घट. त्यानं ती सोडली. मग तो परत पायरीवर आला, सदऱ्याच्या सोनेरी साखळीतलं एक बटण काढलं आणि मंगलपुढं ठेवलं.

"आता दे पेढा."

मंगलनं बटण उलटसुलट करून बघितलं, दातांत धरून बघितलं. "एवढ्या मोठ्याला सुट्टे नायत."

"राहू दे. पुढच्या साली घेईन."

त्या एका वाक्यावर आळीतल्या सगळ्या बायकांनी श्वास सोडला. मीही सोडला. पुढच्या साली, म्हणाला. देवळाली नाही म्हणाला. हातात मातीचा पेढा घेऊन शेठ पडवीतून निघाला, तर पक्या आडवा.

"हात वर."

शेठ हसत हसत हात वर करून उभा राहिला. पक्यानं खिशात हात घातला आणि मूठ बाहेर काढली. पांढऱ्या गालाचे चिंचोके.

"शेठ, हे काय?"

माझ्या जन्मात मी एखाद्या व्यापाऱ्याला एवढं लाल होताना बघितलेलं नाही. सगळे चिंचोके त्याचेच होते, कायद्यानं. तरी त्यानं ते गुपचूप पोत्यात टाकले. गिरजा हसली. मी हसले. हसताना आम्ही एकमेकींकडं बघितलं, मग आठवलं की आपण बोलत नाही, आणि दोघींनी मान वळवली.

जयंतीला पांढऱ्या साड्या आल्या. मिरवणुकीत आमच्या दोन्ही आळ्यांचे बापे लांबून ओळखू यायचे. नव्या कपड्यांतली पोरं पुढं, आणि मागं बापे, सगळ्यांचे सदरे पांढऱ्या दोऱ्यानं छातीवर शिवून टाकलेले. नवऱ्याला रात्री कात्रीनं सोडवावा लागला. पुढच्या सालापासून नानाशेठ माल उतरवताना एक शेरभर चिंचोके वेगळे मोजून द्यायचा. "हे पोरांचे," म्हणायचा, "बाकीच्याला हात लावायचा नाही." आणि चिंचोक्यांची पोती तो स्वतःच्या हातानं शिवायचा.

मंगल आता नामपूरला असते. कांद्याचा व्यवहार ती बघते, जावई तराजू बघतो. तिथलं मला काही सांगत नाही, आणि मी विचारत नाही. आली की माझ्यासाठी कांद्याची गोणी आणते. मी ती हातानं उचलून बघते. सवय.

पक्या काही नोटांच्या छापखान्यात लागला नाही. तो मॉलच्या दारात उभा असतो, निळ्या कपड्यांत, मिशी पांढरी झालेली, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशव्या बघतो. परवा चिंचेचा डबा घेऊन मी नातवाबरोबर बाहेर पडले, तर तो आडवा.

"मावशी, हात वर."

"आ पण करू का?"

"करा. तुमचा काय भरवसा."

"दाढ गेली ती. तूच सांगितलेलंस."

मग त्यानं नातवाची मूठ उघडली. येताना फाटकासमोरच्या झाडाखालची चिंच उचलून खाल्ली होती पोरानं. मुठीत एक चिंचोका, ओला, काळाभोर. पक्यानं तो उचलला, दाराच्या दगडी कठड्यावर वाकून घासायला लागला, खर्र-खर्र. मागं पिशव्या घेऊन माणसं खोळंबली. एका गालावर पांढरं आलं तसं त्यानं तो पोराच्या हातावर ठेवला.

"घे. आता हा पैसा झाला."

मी म्हटलं, "पक्या, पोराला फसवू नको. ते बंद झालेत. तूच केलेस."